घेतलं म्हणेपर्यंत

२ नोव्हेंबर, रविवार. करावे गाव.

आले बाई एकदाची नवी मुंबईत. पाटणहून निघताना आईने एवढी रडारड केली की एसटीच्या कंडक्टरने विचारलं, पोरगी सासरी चाललीय का. म्हटलं नाही हो, नोकरीला चाललीय, तिथे निदान पगार तरी मिळतो. नेरूळला एलपीच्या स्टॉपला उतरले. करावे म्हटल्यावर रिक्षावाल्याने तोंड वाकडं केलं, पण आला. एका अंगाला सीवूड्सचे काचेचे टॉवर आणि मॉल, दुसऱ्या अंगाला चिंचोळ्या गल्ल्या, दारोदार वाळत घातलेली जाळी आणि सुकटीचा वास. मला गाव आवडलं. टॉवर बघायला बरे, राहायला गल्लीच बरी.

खोली विजयमालाकाकींच्या घराच्या माडीवर आहे. वर पत्रा आहे, पण झाडून पुसून लख्ख. काकी मासळीबाजारात बसतात. घरात त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा धर्मा, तो खाडीत होडी घालतो. नवरा खाडीनेच नेला, असं काकींनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला बघून पहिलं वाक्य हे की पोरगी हाडकुली हाय, म्हावरं खाल्ल्याबिगर अंगाला काय लागनार नाय. धर्मा म्हणाला की साताऱ्याच्या माणसाला बोंबील आणि मांदेली यातला फरक कळत नाही. मी म्हटलं, तुला तरी घेवडा आणि वाल यातला कळतो का.

संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं. मला अंतरपाट धरायला लावला. मग काकींनी एकवीरेहून आणलेला नवा काळा करदोडा धर्माच्या कमरेला बांधला, चांदीचा बारीक मणी ओवलेला. आधी नवा बांधला, मगच जुना सोडला. कंबर क्षणभरही उघडी राहता कामा नये म्हणे. आमच्याकडेही करदोडा घालतात, पण एवढी काळजी कोणी घेत नाही. धर्मा अठ्ठावीस वर्षांचा घोडा, हात वर करून लहान मुलासारखा उभा होता. मला हसू आवरेना.

ही डायरी युनिफॉर्मच्या खिशात मावते म्हणून घेतली. कॉलेजच्या ट्यूटर मॅडमनी लावलेली सवय आहे. त्या म्हणायच्या, नर्सने जे लिहून ठेवलं नाही ते तिने केलंच नाही असं लोक धरतात.

३ नोव्हेंबर, सोमवार.

ड्यूटीचा पहिला दिवस. हॉस्पिटल गावापासून चालत जाण्याइतकं जवळ. आयसीयू छोटंसं, चार बेडचं, पण मशीन नवीन आहेत. इनचार्ज मीना सिस्टर. रिटायरमेंटला आल्यात, गुडघे दुखतात, तरी चालतात माझ्यापेक्षा भरभर. त्यांनी सगळं फिरून दाखवलं. हे औषधांचं कपाट, ही चहा प्यायची जागा, हे बाथरूम, आणि ही लपायची जागा. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. चादरी-गाऊन ठेवायचं कपाट आहे भिंतीतलं, माणूस आरामात उभा राहील एवढं. खालचा कप्पा काढून टाकलाय आणि दाराला आतून कडी बसवलीय. नातेवाईक अंगावर आले तर आधी आत जायचं, कडी लावायची, मग विचार करायचा, हे त्यांनी चहाची वेळ सांगावी तसं सांगितलं. दाराची फळी बाकी कपाटापेक्षा नवी दिसते. मी विचारलं का, तर म्हणाल्या वाळवी लागली होती.

मग दोन नियम सांगितले. एक करदोड्याचा. पुरुष पेशंटचा करदोडा शक्यतो कापायचा नाही, वर सरकवायचा. कापावाच लागला तर तिथल्या तिथे गॉजने मनगटाला बांधून टाकायचा. काही झालं तरी तो दाराबाहेर जाता कामा नये. आपल्या लोकांत करदोडा कधी तोडतात हे तुला सांगायला नको, म्हणाल्या. खरंच सांगायला नको. माझ्या आजोबांचा तोडला तेव्हा मी समोर होते. चितेवर ठेवायच्या आधी तोडतात.

दुसरा अँबूचा. म्हणजे तो रबरी फुगा, मशीन बंद पडलं तर हाताने दाबून पेशंटला श्वास द्यायचा. हात भरून येतो, म्हणून दोघींनी आळीपाळीने दाबायचा. दाबणारीने विचारायचं, सोडू? दुसरीने आधी हात ठेवायचा आणि मग मोठ्याने म्हणायचं, घेतलं. घेतलं ऐकू आल्याशिवाय पहिलीने सोडायचं नाही, जीव गेला तरी. कऱ्हाडला कॉलेजात आम्ही नुसतं मान हलवून बदलायचो. हे मला जास्त आवडलं.

९ नोव्हेंबर, रविवार.

आठवडा छान गेला. बेड दोनवरच्या पंढरीआजोबांनी मला नातसून करून घ्यायचं ठरवलंय. नातू पाचवीत आहे. डॉक्टर निकेश रात्रंदिवस इथेच असतात, पोरगेलेसे आहेत, घाबरट आहेत, पण पेशंटशी नीट बोलतात. दारावर दिनानाथकाका, सिक्युरिटीचे. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, तरी सगळ्या हॉस्पिटलच्या भानगडी त्यांनाच आधी कळतात.

काकी रोज डब्यात मासे देतात. भाडेकरूला कोण देतं? मी नको म्हटलं तर म्हणाल्या, तू लोकांच्या पोरांना बघतंस, तुला कोन बघनार. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. धर्माने काल खेकडा कसा फोडायचा ते शिकवलं. बोट कापून घेतलं मी.

आज दुपारी जेवणानंतर चार्ट लिहीत होते तेव्हा फुस्, फुस् असा आवाज येत होता. अँबूचा असतो तसा. व्हेंटिलेटरवर कोणीच नव्हतं. बघते तर आवाज चादरींच्या कपाटातून येतोय. उघडायला गेले तर उघडेना, आतून कडी. मला वाटलं आत मीना सिस्टर डुलकी काढतायत. गालातल्या गालात हसले. तेवढ्यात मीना सिस्टर दारातून आत आल्या, हातात चहा. मी परत कपाट ओढलं, आणि ते उघडलं. आत नुसत्या चादरी.

दार अडकलं असेल. फळी नवी आहे, फुगते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज मार खाल्ला.

लिहायला हात होत नाही पण लिहिते. भेटायची वेळ संपली होती. बेड एकच्या बाईच्या पुतण्याला मी बाहेर थांबायला सांगितलं, दोनदा, हात जोडून. त्याने कानाखाली वाजवली. एवढ्या जोरात की सलाइनचा स्टँड धरून उभी राहिले. बाकीचे नातेवाईक बघत होते. एकाने मोबाईल काढला. डॉक्टर निकेश आत निघून गेले.

मी तक्रार द्यायला निघाले तर ऑफिसने बोलावलं. पुतण्याने आधीच तक्रार केली होती, सिस्टर उद्धट बोलली अशी. मला सॉरी म्हणायला लावलं. पेशंटचे नातेवाईक टेन्शनमध्ये असतात, समजून घ्यावं, असं मॅनेजर म्हणाले. ज्याने मारलं त्याला मी सॉरी म्हटलं. तो ठीक आहे ठीक आहे म्हणाला. माझ्या अंगाची लाही झाली.

आईला फोन केला नाही. काकींना गालावर वळ दिसला. काही विचारलं नाही, मीठ परतून पुरचुंडीने शेकून दिलं. धर्मा काठी घेऊन निघाला होता, त्याला मीच अडवलं. म्हटलं, उद्या दुसऱ्या कुठल्या नर्सच्या अंगावर जाणारा असाच कोणाचा तरी चांगला मुलगा असतो. तो म्हणाला त्याला नाही कळलं. म्हटलं, मला पण नाही कळलं, पण बस खाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

ड्यूटीला गेले. का गेले ते माहीत नाही. पंढरीआजोबांची आंघोळ राहिली होती.

दुपारी रडू यायला लागलं. पेशंटसमोर कशाला, म्हणून कपाटात गेले आणि कडी लावली. खाली चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. गठ्ठा गरम होता. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा. मी हात फिरवून बघितला, बसणाऱ्या माणसाचा खळगा पडला होता त्यात.

मग अगदी कानाजवळ आवाज आला. फुस्. थांबून परत फुस्. आणि बाईच्या आवाजात, दमलेल्या, विचारलं, सोडू?

मी कडी काढून बाहेर पडले. ओठ फुटेपर्यंत तोंड दाबून धरलं.

मीना सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं की मी काही उत्तर दिलं का. नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ट्रॉली ढकलत गेल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

दिनानाथकाकांना चहा पाजून त्यांच्याकडून काढून घेतलं. माझ्या आधी इथे चंदा नावाची सिस्टर होती. माझ्याच वयाची. मागच्या मे महिन्यात बाईकवरून पडलेला एक मुलगा इथे होता. तो सकाळीच मेलाय आणि हॉस्पिटल मेलेल्याला मशीन लावून बसलंय अशी अफवा उठली. शंभरेक माणूस आलं. काकांचा कान तेव्हाच गेला. मशीन फोडलं. चंदा अँबू दाबत होती. मुलगा जिवंत होता. लोक परत आत घुसले तेव्हा चंदा कपाटात होती आणि मुलगा गेला होता. त्यांनी कपाटाची फळी तोडली.

पुढचं काकांनी सांगितलं नाही. फळी वाळवीने गेली नव्हती एवढं कळलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

मीना सिस्टरनी आज आपणहून सांगितलं, माझ्याकडे न बघता, इंजेक्शनं मोजता मोजता. चंदा लपली नव्हती. ती सोडायला तयारच नव्हती. दार फुटताना मीना सिस्टरनी तिचा हात अँबूवरून ओढून काढला, तिला कपाटात ढकललं आणि ओरडल्या कडी लाव. तिने आतून विचारलं होतं, सोडू? सोडू? यांनी घेतलं म्हटलं नाही. कशा म्हणणार, यांना तर स्वतःचा जीव घेऊन जिन्याने पळायचं होतं.

चंदा इथेच बेड चारवर गेली. डोक्याला मार होता. शुद्ध नव्हती, पण उजवी मूठ उघडझाक करत होती, शेवटपर्यंत. फुगा दाबावा तशी.

मी विचारलं मग तुम्ही अजून इथे का. त्या म्हणाल्या, चार बेड आहेत ना. मला राग आला त्यांचा आणि पायही धरावेसे वाटले.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

आईला सगळं सांगितलं, भुताचं सोडून. तिने उद्याच्या उद्या निघून यायला सांगितलं, लोकांच्या घरी कणीक मळून तुला खायला घालीन पण तिथे राहू नको म्हणाली. राजीनामा लिहिला. खिशात आहे. महिनाअखेरीला देईन. पंढरीआजोबा तोवर वॉर्डात जातील.

आवाज आता रोज येतो. दुपारीच येतो. आम्ही दोघी ऐकू न आल्यासारखं करतो. अँबू तपासतानासुद्धा मीना सिस्टर घेतलं हा शब्द उच्चारत नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

धर्माला आणलं.

तो होडीच्या शेडमध्ये जाळ्यांवर झोपला होता. मण्यार चावली. सकाळी काकींना वाटलं झोप उतरली नाही, पापण्या उघडत नव्हत्या. मग जीभ जड झाली. इथे पोचेपर्यंत श्वास बंद होत आला होता. नळी घातली, मशीनवर घेतलं, विषावरची इंजेक्शनं चालू केली. डॉक्टर निकेश आज घाबरले नाहीत, पटापट केलं सगळं.

मांडीतून मोठी सुई घालायची होती. करदोडा सरकेना, ओला होऊन आवळला होता. मी कापला. दोन्ही मनगटांवर सुया आणि चिकटपट्ट्या, बांधायला जागा नव्हती. मग बांधू म्हणून त्याच्याच शर्टाच्या खिशात ठेवला, मणी हरवू नये म्हणून.

मण्यारीचं असं असतं की अंगातला एक स्नायू हलत नाही, पापणीसुद्धा नाही, पण माणसाला सगळं ऐकू येतं. मेल्यासारखा दिसतो आणि आतून जागा असतो. चार-आठ दिवस कोणीतरी श्वास देत राहिलं तर उठून चालत घरी जातो. एवढंच करायचं. श्वास थांबू द्यायचा नाही.

मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, धर्मा, मी योगिनी. तू बरा होणार आहेस. मी इथून हलणार नाही.

राजीनामा फाडला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

काकींना आत आणून दाखवलं. त्यांनी त्याच्या पायाला हात लावला. पाय गार होते. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पट्टी लावलीय, तिच्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं काकी, बोला त्याच्याशी, तो ऐकतोय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना वेड्यात काढतेय.

बाहेर गावातली माणसं जमलीत. सगळी ओळखीची, ज्यांच्या दारावरून मी रोज येते-जाते. हळू आवाजात बोलतात. मी गेले की थांबतात. कोणीतरी कोणालातरी सांगत होतं की मशीन काढल्यावर हालतो का ते दाखवा म्हणावं.

संध्याकाळी काकी दाराशी आल्या. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. भगताकडे न्यायला त्याच्या अंगावरचा शर्ट पाहिजे म्हणाल्या. कपड्यांची पिशवी सही घेतल्याशिवाय द्यायची नसते. मी दिली. म्हटलं शर्ट न्या पण घरी जाऊन दोन घास खा. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

धर्माच्या उजव्या पायाचा अंगठा हलला आज. मी हलव म्हटलं आणि हलला. दोनदा. डॉक्टरनाही दाखवलं. मला नाचावंसं वाटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ.

रात्री मीना सिस्टरनी जबरदस्तीने घरी झोपायला पाठवलं होतं. झोपेतून दचकून उठले. करदोडा.

शर्टाच्या खिशात.

खाली काकींचं दार बंद, घरात कोणी नाही. समोरच्या बाईने माझ्याकडे बघून खिडकी लावून घेतली. धावत हॉस्पिटलला आले. मीना सिस्टरना सांगितलं. त्यांनी आधी पंढरीआजोबांना खाली वॉर्डात पाठवलं. आता आयसीयूत धर्मा एकटा. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला, निघतो म्हणाले.

दिनानाथकाकांच्या कानावर आलंय. भगताने भर गल्लीत शर्ट झटकला आणि कापलेला करदोडा खाली पडला. काकींनी तो उचलला आणि तशाच रस्त्यात बसल्या. आम्ही त्यांच्या जिवंत मुलाचा करदोडा तोडला असं कोणाच्या मनातही येणार नाही. जिवंत माणसाचा कोणी तोडतच नाही.

दुपार.

आले. गावच्या गाव.

मीना सिस्टर समजवायला बाहेर गेल्या. तो हलतो, या आणि बघा, एकेकाने या, असं हात जोडून सांगत होत्या. कोणीतरी ढकललं. जिन्यावरून खाली गेल्या. मला दिसल्या नाहीत परत.

दहा-बारा जण आत घुसले. स्टँड फेकला, मशीनचा चुराडा. दिनानाथकाकांनी अंगाने रेटून त्यांना बाहेर काढलं आणि लोखंडी दार लावलं. काका बाहेरच राहिले. डॉक्टर मागच्या जिन्याने मदत आणतो म्हणून गेले. आलोच म्हणाले.

मी अँबू दाबतेय. डाव्या हाताने. उजव्याने हे. धर्माच्या उशाशी डायरी ठेवून. लिहिलं नाही तर म्हणतील कोणी काही केलंच नाही.

धर्मा, ऐकतोयस ना. मी आहे.

—

अंगठा हलला. आता, या सगळ्यात. तो जिवंत आहे, अहो तो जिवंत आहे, मी ओरडतेय पण त्यांच्या आवाजात माझा कोणाला—

दार वाकतंय. कडीचा एक स्क्रू खाली पडला.

—

काकींचा आवाज. माझं नाव घेतायत. योगिनी, माझा पोर दे. मेलेला तरी दे. हेच परत परत. मी म्हटलं काकी जिवंत हाय तो, काकी तुमची शपथ. त्यांनी दारावर डोकं आपटलं बहुतेक. लोक आणखी पेटले.

हात भरून आलाय. बोटं वळत नाहीत. उजव्या हातात घेतला. परत डाव्या. कोणीतरी या. एक माणूस पुरे, हात बदलायला.

समोर कपाटाचं दार आपोआप उघडलं. हळूच. आत अंधार. चादरी मऊ दिसतायत.

नाही.

—

कपाटात आहे.

मी सोडलं. दार निम्मं आत आलं आणि मी सोडलं. पायच पळाले. कडी लावली. फटीतून उजेड येतोय तेवढ्यात लिहितेय.

मी त्याला सांगितलं होतं हलणार नाही. त्याने माझी पावलं ऐकली असतील. पळताना. तो तिथे पडलाय आणि त्याला सगळं ऐकू—

आई, मला माफ कर. कोण माफ करणार. दोन मिनिटं पण टिकणार नाही तो. मी जाते. कडीला हात लावते आणि हात परत येतो. माझा हात मलाच—

—

फुस्.

बाहेरून.

फुस्. नीट, एका लयीत. मी दाबत होते त्यापेक्षा नीट.

पोलीस आले? डॉक्टर? नाही. लोखंडी दार अजून तसंच आहे, निम्मं. बाहेरून पहार घालतायत. आत आमच्याशिवाय कोणी नाही.

कपाटात आज गठ्ठा गार आहे. खळगा रिकामा. ती इथे नाही.

ती बेडपाशी आहे.

—

मी बसून राहिले तरी चालेल. ती दाबतेय. ती दमत नाही, मेलेली माणसं दमत नाहीत. कोणीतरी येईपर्यंत मी इथे आणि ती तिथे.

मग हळूहळू मीच इथली होईन. दुपारी आवाज करीन. नवीन मुलगी आली की—

फटीतून बघितलं. पांढरा युनिफॉर्म. पाठ दिसतेय. डोक्याला मागे काहीतरी—

बघवलं नाही.

—

विचारलं तिने.

सोडू?

आवाज अगदी दमलेला. दमतात मेलेली पण.

फुस् आता उशिराने येतंय.

सोडू?

मागच्या वेळी कोणी उत्तर दिलं नाही तिला. मे महिन्यापासून दाबतेय बिचारी. घेतलं म्हणेपर्यंत सोडायचं नाही, म्हणून. आम्ही रोज ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहारीने दार उचकटलं. काकी सगळ्यांच्या पुढे आहेत, त्यांचा आवाज कळतो. येऊ देत. मुलाचा अंगठा बघतील. मला आधी मारतील. मारू देत, एक हात मोकळा राहिला तरी पुरे, एका हाताने दाबता येतं, दाबलंय मी.

सोडू? सोडू?

थांब चंदा. कडी काढतेय. आली. धर्मा, आले मी.

आधी हात ठेवायचा. मग बोलायचं. मोठ्याने, त्यालाही ऐकू जायला हवं.

घेत—